हार नको म्हणणाऱ्यांचा जिल्हा

४ ऑगस्ट २०२१ च्या संध्याकाळी शेगावात ती बातमी पसरली, तेव्हा गजानन महाराजांच्या मंदिराची दारे भाविकांसाठी बंद होती. करोनाची दुसरी लाट ओसरत आली होती, पण राज्यातली देवळे अजून उघडली नव्हती. ती उघडली ७ ऑक्टोबरला, घटस्थापनेच्या दिवशी. एरवी रेल्वे स्थानकापासून मंदिरापर्यंत माणसांची रीघ असते, त्या गावात रस्ते मोकळे पडले होते. संस्थानचा कारभार अनेक दशके खांद्यावर वाहिलेले शिवशंकरभाऊ पाटील गेले होते. वयाची ऐंशी ओलांडलेली. गर्दी करू नये, सगळे साधेपणाने उरकावे, ही त्यांची इच्छा होती आणि घरच्यांनी ती पाळली. मुख्यमंत्र्यांपासून गावच्या सरपंचापर्यंत अनेकांनी श्रद्धांजली वाहिली, ती बहुतेक आपापल्या घरातूनच.

राज्यात दुसरा एखादा माणूस असता तर त्याच्या हयातीतच त्याच्या सत्कारांची गिनती ठेवायला एक कारकून लागला असता. भाऊंच्या बाबतीत उलटे होते. त्यांना व्यासपीठावर गाठणे हीच आयोजकांची पंचाईत असे.

आपल्याकडे सत्काराची एक ठरलेली चाल आहे. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ आणि काचेच्या पेटीतले स्मृतिचिन्ह. सूत्रसंचालक मानपत्र वाचतो, त्यात ‘आपण दीनदुबळ्यांचे आधारवड आहात’ हे वाक्य असतेच. फोटोसाठी सगळे सत्कारमूर्तीला चिकटून उभे राहतात, मग सत्कारमूर्ती ‘हा सत्कार माझा नसून...’ म्हणत माईक हातात घेतो. शाली कपाटात साठतात आणि काही दिवसांनी दुसऱ्याच्या खांद्यावर जातात. बुलडाणा जिल्हा या रिवाजाला अपवाद नाही. इथेही चौकाचौकात वाढदिवसाचे फ्लेक्स लागतात आणि इथेही समाजभूषण उदंड आहेत. पण याच जिल्ह्यात काही माणसांनी वंचितांसाठी इतके आणि इतक्या वेगळ्या रीतीने काम केले, की त्यांचा गौरव करायचा म्हणजे नेमके काय करायचे, असा प्रश्न उभा राहावा.

शेगावपासून सुरुवात करणे भाग आहे. गजानन महाराज या गावात दिसले ते २३ फेब्रुवारी १८७८ ला, असे परंपरा सांगते. ८ सप्टेंबर १९१० ला, ऋषिपंचमीच्या दिवशी, त्यांनी समाधी घेतली. संस्थानची स्थापना मात्र त्याच्या दोन वर्षे आधीची, १२ सप्टेंबर १९०८ ची. महाराज हयात असतानाच गावकऱ्यांनी विश्वस्त मंडळ नेमले. या तारखेला महत्त्व आहे. बहुतेक देवस्थानांत आधी देव येतो, मग पैसा येतो आणि भांडणे सुरू झाली की कायद्याने विश्वस्त येतात. इथे विश्वस्त आधीपासून होते आणि ते गावचेच होते.

गावच्या पाटील मंडळींचा महाराजांशी आलेला संबंध ‘गजानन विजय’ ग्रंथ वाचणाऱ्या घराघरांत ठाऊक आहे. आधी टवाळी, मग भक्ती, असा तो प्रवास. शिवशंकरभाऊंच्या हाती कारभार आला तेव्हा शेगाव हे वऱ्हाडातले एक मध्यम देवस्थान होते. ते गेले तेव्हा तिथे दवाखाने होते, अभियांत्रिकी महाविद्यालय होते, मतिमंद मुलांचे विद्यालय होते, वारकरी शिक्षण संस्था होती. पंढरपूर, आळंदी, त्र्यंबकेश्वर, ओंकारेश्वर इथे शाखा होत्या. संस्थानच्या सेवाप्रकल्पांची संख्या चाळीसच्या वर सांगितली जाते. पण शेगावला एकदा जाऊन आलेला माणूस घरी परतल्यावर यातले काहीच सांगत नाही. तो सांगतो, तिथे किती स्वच्छता आहे आणि तिथली माणसे किती नीट बोलतात.

ही नीट बोलणारी माणसे म्हणजे सेवाधारी. पांढरा पोशाख, गळ्यात ओळखपत्र. दर्शनबारीत उभा असलेला माणूस सेवाधारी आहे, चप्पल स्टँडवर तुमच्या चपला हातात घेऊन फळीवर ठेवणारा सेवाधारी आहे, पंगतीत वरण वाढणारा सेवाधारी आहे आणि सगळे उठल्यावर फरशी पुसणाराही. यातला बराचसा वर्ग शेतकरी, शेतमजूर, शिक्षक, एसटीतला वाहक, किराणा दुकानदार असा. गावाकडून ठरलेल्या दिवसांसाठी यायचे, पडेल ते काम करायचे, पाळी संपली की परत आपल्या वावरात. पगार नाही. कोणी भाविकाने खूश होऊन दहा-वीस रुपये पुढे केले तर हात जोडून नकार. समोरचा लहान असो की मोठा, त्याला हाक ‘माऊली’ अशीच.

चप्पल स्टँडवर थोडा वेळ थांबून पाहावे. समोरून येणाऱ्या माणसाच्या चपलेला नांगरटीची माती लागलेली असते, त्याच्या मागच्याचे बूट कुठल्या तरी महागड्या कंपनीचे असतात. दोन्ही जोड एकाच हाताने उचलले जातात आणि एकाच फळीवर जातात. बूट घालून आलेल्याला ओशाळल्यासारखे होते. तो वाकून स्वतःच ठेवू पाहतो आणि सेवाधारी म्हणतो, राहू द्या माऊली. आता या सेवाधाऱ्याचे गावातले स्थान काय, हे त्या बूटवाल्याला ठाऊक नसते. तो चाळीस एकरांचा बागायतदार असू शकतो किंवा दुसऱ्याच्या शेतात निंदणाला जाणारा. ही भानगड न कळणे हाच या व्यवस्थेतला सगळ्यात धारदार भाग आहे. जातीवरून पंगती ठरणाऱ्या गावांमधून माणसे येतात आणि काही दिवस अशा कामाला लागतात जिथे पंगत वाढणाऱ्याला कोणी आडनाव विचारत नाही.

भाऊंना लोक ‘मॅनेजमेंट गुरू’ म्हणू लागले ते याच सेवाधाऱ्यांमुळे. हा शब्द त्यांना शोभत नाही. व्यवस्थापनशास्त्र माणसाला पगार, बढती किंवा भीती यांपैकी कशाने तरी बांधते. इथे यातले काहीच नव्हते. इथे होती आधीपासून लोकांच्या मनात असलेली श्रद्धा. तिला वेळापत्रक दिले, झाडू दिला आणि एक शिस्त दिली. विदर्भात श्रद्धेचे पीक नेहमीच बरे येते. ते गोळा करून कोठारात नीट रचून ठेवणारा माणूस मात्र क्वचित भेटतो. भाऊंबद्दल एक गोष्ट शेगावात आवर्जून सांगितली जाते, की ते संस्थानचे पाणीही पीत नसत. घरचे खायचे, घरचेच प्यायचे. कोट्यवधींच्या कर्जाच्या आणि नाकारलेल्या देणग्यांच्या कथा मोबाइलवर फिरत असतात. त्यांच्या मोठेपणाला असल्या कथांची गरज नाही. पाण्याची गोष्ट पुरेशी बोलकी आहे, कारण सार्वजनिक पैशाच्या जवळ राहणाऱ्या माणसाने स्वतःपुरती रेघ कुठे ओढायची, याचा तो साधा हिशेब आहे.

शेगाव खारपाणपट्ट्यात येते. पूर्णेच्या खोऱ्यातला हा पट्टा बुलडाणा, अकोला आणि अमरावती या तीन जिल्ह्यांत पसरला आहे. जमीन काळीभोर, पण विहिरीला पाणी लागले तरी ते खारट. पिकाला चालत नाही आणि माणसाला पचत नाही. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद, नांदुरा या भागांत मूत्रपिंडाच्या आजाराचे रुग्ण गावोगाव सापडतात. वर सातपुडा. त्याच्या पायथ्याला आणि आतल्या खोऱ्यांत कोरकू, भिलाला, निहाल अशा आदिवासींच्या वस्त्या. आणि उरलेल्या जिल्ह्यात कपाशी, सोयाबीन, पावसावर टांगलेली शेती. २००६ साली पंतप्रधानांनी शेतकरी आत्महत्यांमुळे विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांना विशेष पॅकेज दिले, त्यांत बुलडाणा होता. अशा मुलखातल्या देवस्थानाने पैसा कुठे घालावा, हा प्रश्न अध्यात्माचा कमी आणि भूगोलाचा जास्त आहे.

संस्थानचे फिरते रुग्णालय सातपुड्यातल्या आदिवासी भागात जाते. गाडीत डॉक्टर आणि औषधे. ज्या पाड्यावरून तालुक्याच्या दवाखान्यात जायचे म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडवायची, तिथे ही गाडी येते. शेगावातल्या दवाखान्यांत ॲलोपॅथी, होमिओपॅथी, आयुर्वेद अशी तिन्हींची सोय आहे. १९८३ साली सुरू झालेले अभियांत्रिकी महाविद्यालय ही त्या काळी धाडसाची गोष्ट होती. महाराष्ट्रात विनाअनुदानित महाविद्यालयांचे दार नुकतेच उघडले होते आणि त्या दारातून बहुतेक जण साखर कारखान्यांचे आणि राजकारणाचे बळ घेऊन आत शिरत होते. वऱ्हाडातल्या एका देवस्थानाने त्या रांगेत उभे राहावे, हे अनेकांना खटकले असणार. आज त्या महाविद्यालयातून बाहेर पडलेले अभियंते पुण्यात, हैदराबादेत, अमेरिकेत आहेत. गजानन महाराजांच्या प्रकटदिनाला परदेशात जे मेळावे भरतात त्यांत ते दिसतात.

आणखी एका उपक्रमाबद्दल कमी बोलले जाते, पण तो भाऊंच्या दृष्टीची खरी ओळख देतो. गावोगावच्या भजनी मंडळांना संस्थान साहित्य देते. टाळ, वीणा, मृदंग, सोबत ज्ञानेश्वरी, भागवत, गाथा. यावर शहरातला माणूस म्हणेल, यात कसली समाजसेवा? पण संध्याकाळी सात वाजल्यानंतर खेड्यातल्या पुरुषांना बसायला जागा कोणती असते, हे ज्याने पाहिले आहे तो असे विचारणार नाही. पारावरची टोळकी, पत्त्यांचा अड्डा, नाही तर देशी दारूचे दुकान. त्यांच्या शेजारी, आठवड्यातून एक दिवस का होईना, टाळ वाजवण्याची चौथी जागा तयार करणे, हा व्यसनमुक्तीचा असा कार्यक्रम आहे ज्याच्या फलकावर व्यसनमुक्ती हा शब्दच नसतो.

पालखीचेही तसेच. आषाढीसाठी शेगावहून पंढरपूरला पायी जाणारी गजानन महाराजांची पालखी अर्धशतकाहून अधिक वर्षे चालते आहे. जाताना महिनाभर, आणि परतीचा प्रवासही पायीच. सातशेच्या आसपास वारकरी, ओळीत, एका तालात. ज्या गावात मुक्काम तिथे सकाळी पालखी निघून गेल्यावर मागे कचरा राहत नाही, ही तिची ख्याती. परतीच्या वेळी खामगाव ते शेगाव या शेवटच्या टप्प्यात मात्र शिस्तीची ती रेघ माणसांच्या पुरात बुडून जाते. आजूबाजूच्या तालुक्यांतून आलेली हजारो माणसे रात्रभर चालतात, आणि रस्त्यावर चहा, केळी, फराळ वाटणाऱ्यांची दाटी होते. वाटणाऱ्यांत कोण गरीब, कोण श्रीमंत, हे तिथेही कळत नाही.

भाऊंच्या कामावर टीका झाली नाही असे नाही. आनंदसागर हा त्यांचा मोठा प्रकल्प. शेकडो एकर पडीक, रेताड जमिनीवर तलाव, बागा, ध्यानकेंद्र उभे केले. ज्या भागात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली जाते तिथे एवढे मोठे पाणी साठवून दाखवले. लोक आगगाडी भरभरून आले. शेगावातल्या लॉजपासून ऑटोरिक्षापर्यंत सगळ्यांचे पोट त्यावर चालू लागले. पुढे काही वर्षे हा परिसर बंद राहिला आणि गावातल्या छोट्या व्यावसायिकांना त्याची झळ बसली. नंतर तो टप्प्याटप्प्याने खुला होऊ लागला. देवस्थानाने करमणुकीत पडावे का, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि तो गैर नव्हता. दुसरा प्रश्न अधिक टोकदार आहे. फिरत्या रुग्णालयाने पाड्यावर जावे हे चांगलेच, पण त्या पाड्यावरच्या आरोग्य उपकेंद्रात परिचारिका का नाही, हे विचारणारा आवाज देवस्थानाच्या प्रांगणातून उठत नाही. संस्थान सरकारशी भांडत नाही. सेवा करते आणि गप्प राहते. भाऊंचा स्वभाव तसाच होता, आणि त्यांच्या मोठेपणाची मर्यादाही तिथेच होती, असे म्हणायला हरकत नसावी.

शेगावहून दक्षिणेला, घाट चढून मेहकर तालुक्यात गेले की दुसरे उदाहरण भेटते. चिखली ते मेहकर रस्त्यावर हिवरा नावाचे गाव आहे, पण आज एसटीच्या पाटीवर, टपालाच्या पत्त्यावर आणि लोकांच्या तोंडी त्याचे नाव ‘हिवरा आश्रम’ असे आहे. १९६५ साली शुकदास महाराजांनी इथे विवेकानंद आश्रम काढला. गावाने आपल्या नावाला आश्रम जोडून घेतला; कोणत्याही मानपत्रापेक्षा हा मान टिकाऊ आहे, कारण रोज तिकीट काढताना तो उच्चारावा लागतो.

शुकदास महाराज हे वेगळेच रसायन होते. आसपासच्या जिल्ह्यांतून रोगी त्यांच्याकडे येत, लांबच लांब रांगा लागत. चमत्कार, अंगारेधुपारे यांपासून ते दूर होते. आश्रमाचे दैवत म्हणून त्यांनी विवेकानंद निवडले, यातच बरेच काही आले. विवेकानंदांनी ‘दरिद्रनारायण’ हा शब्द देशाला दिला. बंगालमध्ये त्यावर मठ आणि मिशन उभे राहिले. मेहकर तालुक्यातल्या एका खेड्यात त्यातून शाळा, महाविद्यालय, कृषी महाविद्यालय आणि अपंग व मूकबधिर मुलांसाठी निवासी शाळा उभ्या राहिल्या. एप्रिल २०१७ मध्ये महाराज गेले.

पण हिवरा आश्रम राज्यभर ओळखला जातो तो तिथल्या पंगतीमुळे. विवेकानंद जयंती इथे तिथीने, पौष वद्य सप्तमीला होते. तीन दिवसांचा उत्सव, आणि शेवटच्या दिवशी महाप्रसाद. कित्येक एकर रान साफ करून त्यावर पंगती बसतात. स्त्रिया एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला, एकाच वेळी लाखावर माणसे. वाढप ट्रॅक्टरने होते. पुरी आणि वांग्याची भाजी भरलेल्या ट्रॉल्या पंगतींमधल्या वाटांवरून हळूहळू सरकतात, मागे स्वयंसेवक टोपल्या आणि बादल्या घेऊन धावतात. शंभरावर ट्रॅक्टर आणि हजारो हात. पुऱ्या तळण्याचे काम दिवसचे दिवस आधी सुरू होते. आसपासच्या गावांतल्या बायका पीठ मळायला आणि पुऱ्या लाटायला येतात. ट्रॅक्टर शेतकऱ्यांचे स्वतःचे असतात, डिझेलसकट.

नवख्या माणसाला हे एक विक्रमी जेवण वाटते, आणि वर्तमानपत्रांतही ते तसेच छापून येते, इतके क्विंटल गहू, इतके क्विंटल वांगी. वाफ निघणारी भाजी पत्रावळीवर पडते, पुरी तोपर्यंत गार झालेली असते, थंडीत बोटे आखडतात आणि शेजारी बसलेला अनोळखी माणूस मीठ पुढे सरकवतो. लाख माणसांच्या पंगतीत खास पाहुण्यांसाठी वेगळे ताट लावायला जागाच उरत नाही. आपल्या इतिहासात पंगत ही माणसे वेगळी काढण्याची सगळ्यात पक्की पद्धत होती, हे ध्यानात घेतले की या शेतातल्या पुरीभाजीचे वजन क्विंटलच्या बाहेर जाते.

हे म्हणताना चोखोबा आठवणे अपरिहार्य आहे. देऊळगाव राजा तालुक्यातले मेहुणा राजा हे संत चोखामेळ्यांचे जन्मगाव, अशी परंपरा आहे. म्हणजे ज्या संताला विठ्ठलाच्या देवळात पाऊल टाकू दिले नाही, तो याच मातीतला. मंगळवेढ्याला गावकुसाची भिंत बांधताना ती अंगावर कोसळून त्यांचा अंत झाला. १३३८ ची ही घटना. वेठीला धरलेल्या मजुरांपैकी ते एक होते. त्यांच्या अस्थी पंढरपूरला आणून महाद्वारासमोर समाधी बांधली गेली. आज वारकरी नामदेव पायरीला हात लावतात आणि चोखोबांच्या समाधीपुढेही वाकतात. जिवंतपणी उंबऱ्याबाहेर, मेल्यावर उंबऱ्याजवळ. सन्मानाच्या आपल्या परंपरेचा हा सगळ्यात जुना आणि सगळ्यात बोचरा पुरावा.

दुसरा पुरावा बुलडाणा शहरातला आहे. १८८२ साली ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्रीपुरुष तुलना’ पुण्यात छापले गेले. ताराबाई बुलडाण्याच्या. वडील बापूजी हरी शिंदे सरकारी कचेरीत नोकरीला आणि सत्यशोधक विचारांचे. विधवांना गुन्हेगार ठरवणाऱ्या पुरुषी समाजाला त्यांनी असे फटकारले, की जोतीराव फुल्यांना त्यांची बाजू घेऊन लिहावे लागले. गावात त्यांचा कुठे सत्कार झाला नाही. त्यांचे दुसरे पुस्तक आले नाही. जवळजवळ शतकभर त्यांचे नाव कोणी घेतले नाही. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुस्तक पुन्हा छापून आणले, तेव्हा महाराष्ट्राला कळले की बुलडाण्यात अशी एक बाई होऊन गेली. चिखलीच्या पंढरीनाथ पाटलांनी तर खुद्द फुल्यांचे पहिले चरित्र १९२७ मध्ये लिहिले. पुण्यामुंबईत जे कोणाला सुचले नव्हते ते चिखलीत बसलेल्या सत्यशोधकाला सुचले. त्यांनी ते लिहिले नसते तर फुल्यांना ओळखणाऱ्या माणसांच्या आठवणी त्या माणसांबरोबरच गेल्या असत्या. एका मोठ्या माणसाचा गौरव म्हणून करण्यासारखे याहून भरीव काम दुसरे सापडणे कठीण.

सरकारही गौरव करते. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला राज्याने दलितमित्र पुरस्कार सुरू केला. पुढे त्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव आणि ‘समाजभूषण’ ही उपाधी मिळाली. हेतू निःसंशय चांगला. रीत मात्र सरकारी. प्रस्ताव जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात द्यायचा, सोबत कार्याचा तपशील, वर्तमानपत्रांची कात्रणे, पोलिसांचा चारित्र्याचा दाखला. म्हणजे आपण किती निःस्वार्थ आहोत याची फाइल माणसाने स्वतःच तयार करायची. ज्याला कात्रणे जपायची सवय असते त्याचे काम सोपे होते. चप्पल स्टँडवरच्या माणसाकडे कात्रणे नसतात.

तरीही पुरस्कार नकोतच, असे म्हणणे सोयीचे असले तरी खरे नाही. याच जिल्ह्यात पुरस्काराने फरक पडतो याचेही उदाहरण आहे. चिखली तालुक्यात पळसखेड सपकाळ इथे नंदकुमार आणि आरती पालवे हे दांपत्य ‘सेवासंकल्प प्रतिष्ठान’ चालवते. रस्त्यावर भटकणारी, मानसिक आजाराने घरदार हरवलेली माणसे ते आणतात आणि सांभाळतात. आज तिथे शंभराहून अधिक जण राहतात. त्यांच्यामागे ना गजानन महाराजांची गादी आहे, ना लाखोंचा भक्तवर्ग. त्यांचे काम महाराष्ट्राला कळले ते मुलाखतींतून, लेखांतून आणि पुरस्कारांच्या व्यासपीठांवरून. आणि कळले म्हणून धान्य आले, कपडे आले, औषधे आली.

हे काम म्हणजे नेमके काय, हे जवळून पाहिल्याशिवाय समजत नाही. महामार्गाच्या कडेला वर्षानुवर्षे चालणारा माणूस पहिल्यांदा आणला जातो तेव्हा त्याच्या केसांच्या जटा कात्रीने कापता येत नाहीत, आधी भिजवाव्या लागतात. नखे आत वळलेली असतात. पायाला किंवा डोक्याला जखम असेल तर तिच्यात अळ्या पडलेल्या असतात. त्या एकेक काढाव्या लागतात, आणि तो माणूस त्या वेळी शांत बसेलच याची खात्री नसते. तो मारू शकतो, चावू शकतो. मग अंघोळ, धडके कपडे, जेवण. बरेच जण पहिले काही दिवस ताटातले अर्धे अन्न खिशात लपवतात, कारण उद्या मिळेल यावर त्यांचा विश्वास राहिलेला नसतो. त्यानंतर मानसोपचारतज्ज्ञ, गोळ्या, आणि वाट पाहणे. काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी तो एखादा शब्द बोलतो. गावाचे नाव, नदीचे नाव, भावाचे नाव. तो शब्द तेलुगूत असतो किंवा बंगालीत. मग फोनाफोनी सुरू होते, त्या राज्यातल्या ओळखी शोधल्या जातात, पोलिसांत विचारपूस होते. काहींचे घर सापडते. काहींच्या घरी कळवल्यावर पलीकडून शांतता येते.

डॉ. भरत वटवानी यांना कर्जतजवळच्या अशाच पुनर्वसन कामासाठी २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तेव्हा या विषयाकडे देशाचे लक्ष गेले. पुरस्कार मोठा असला की एक गोष्ट घडते: जे लोक तोवर या माणसांना ‘वेडे’ म्हणून दगड मारत होते, ते थोडे थांबतात. पळसखेडच्या बाबतीत आसपासच्या गावांत हा बदल दिसतो. मुलाचा वाढदिवस, वडिलांचे वर्षश्राद्ध, लग्नाचा पंचविसावा वाढदिवस अशा निमित्ताने लोक इथे येऊन जेवण देतात. पंगतीला बसतात. आधी जरा लांब, मग शेजारी.

आता शेगाव आणि हिवरा आश्रमाला जी श्रद्धेची पुण्याई लाभली ती पळसखेडला नाही, आणि पालवे दांपत्याचे वय वाढणार आहे. भाऊंच्या मागे सेवाधाऱ्यांची व्यवस्था राहिली. मंदिर पुन्हा उघडले त्या दिवशी ती तशीच चालू झाली, तोंडाला मास्क लावून. शुकदास महाराज गेल्यानंतरही हिवऱ्यात ट्रॉल्या फिरतात. पळसखेडला मात्र दोन माणसे आणि त्यांचे थोडे सहकारी एवढेच बळ आहे. त्यांना आणखी एक शाल देणे सोपे आहे. अवघड आहे ते दुसरेच.

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये झाला आणि मे २०१८ पासून लागू झाला. त्याच्या कलम १०० मध्ये स्पष्ट लिहिले आहे, की आपल्या हद्दीत भटकणारी, स्वतःची काळजी घेऊ न शकणारी मनोरुग्ण व्यक्ती दिसली तर तिला संरक्षणाखाली घेणे हे पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. चोवीस तासांच्या आत तिला जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात तपासणीसाठी न्यायचे. ती बेघर असेल तर हरवलेली व्यक्ती म्हणून नोंद करायची आणि तिचे कुटुंब शोधण्याची जबाबदारी ठाणेदाराची. म्हणजे पालवे दांपत्य जे करते त्यातला पहिला अर्धा भाग कायद्याने सरकारच्या पदरात टाकलेला आहे.

जिल्ह्यात १३ तालुके आहेत. त्यांतल्या प्रत्येक तालुक्याच्या पोलीस ठाण्यात हे कलम मराठीत छापून भिंतीवर लावणे, ग्रामीण रुग्णालयात महिन्यातून ठरलेल्या वारी मानसोपचारतज्ज्ञ बसवणे, आणि पळसखेडला लागणारी औषधे जिल्हा रुग्णालयातून नियमित पोहोचवणे, एवढ्यासाठी कुठलाही नवा ठराव लागत नाही. सत्कार समित्यांना मंत्र्यांपर्यंत पोहोचण्याची वाट चांगली ठाऊक असते. पुढच्या कार्यक्रमाचे निमंत्रण द्यायला जाताना हा अर्ज सोबत नेता येईल. तोवर बसस्थानकाच्या फलाटावर एखादा जटा वाढलेला माणूस दिसला की चिखलीतला रिक्षावाला पोलीस ठाण्याचा नंबर फिरवत नाही, पळसखेडचा फिरवतो.